मिकूची पहिली कॉन्सर्ट: नवख्यांनी तयारी कशी करावी

कन्व्हेन्शनची, म्हणजे अ‍ॅनिमे-चाहत्यांच्या मेळाव्याची, तारीख जाहीर झाली की दोन दिवसांत आमच्या मिकू-चाहत्यांच्या गटावर पहिला मेसेज येतोच: ‘ताई, मी पहिल्यांदाच मिकूच्या कॉन्सर्टला येतोय. तिथे नक्की काय करायचं असतं?’ प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून माझे अंगठे दुखायला लागले, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

‘काय करायचं असतं’ हा प्रश्न अगदी बरोबर आहे. ‘काय बघायचं असतं’ असं कुणी विचारलं तर मी त्याला आधी दुरुस्त करते. स्टेजवरची मुलगी म्हणजे पडद्यावरचं चित्र, संगणकाच्या आवाजात गाणारं; ती तुम्हाला बघू शकत नाही. तुम्ही जांभई दिलीत तरी ती नाचणार, हॉल रिकामा असला तरी नाचणार. त्या संध्याकाळी जिवंत असतात ते मागचे वादक आणि समोरचे आपण. म्हणजे अर्धा कार्यक्रम तुमच्याकडे आहे आणि त्याची तालीम घरीच करावी लागते.

आधी ओळख

हात्सुने मिकू हे मुळात एक सॉफ्टवेअर. जपानमधल्या साप्पोरोच्या क्रिप्टन फ्युचर मीडिया या कंपनीने ते ३१ ऑगस्ट २००७ ला बाजारात आणलं. आत यामाहाचं व्होकलॉइड तंत्र होतं आणि आवाज साकी फुजिता या अभिनेत्रीचा. तिने गाणी गायली नाहीत, तिच्याकडून अक्षरांचे आणि त्यांच्या जोडांचे बारीक बारीक ध्वनी बोलून घेतले. तुम्ही संगणकावर सूर मांडायचे, प्रत्येक सुराखाली शब्द टाइप करायचा, सॉफ्टवेअर ते तुकडे सांधून गाऊन दाखवतं. खोक्यावर छापायला केई नावाच्या चित्रकाराने दोन लांब हिरवट-निळ्या शेंड्यांची मुलगी काढली. वय १६, उंची १५८ सेंटीमीटर. नावाचा अर्थ साधारण ‘भविष्यातला पहिला सूर’. कंपनीने पात्राची माहिती इतकीच दिली. स्वभाव, गोष्ट, प्रेमभंग, राग हे सगळं गाणी करणाऱ्यांनी घातलं.

म्हणून ‘मिकूचं गाणं कुणाचं?’ याला एक उत्तर नाही. घरात बसून गाणी करणाऱ्या लोकांची ती गाणी आहेत. त्यातल्या अनेकांच्या नावापुढे ‘पी’ लागतं, प्रोड्यूसर या अर्थी. तिच्याबरोबर स्टेजवर येणारी मंडळीही माहीत असू द्या: रिन आणि लेन ही पिवळ्या केसांची जोडी, गुलाबी केसांची लुका, निळा कायतो आणि लाल कपड्यांतली मेइको. हीही अशाच सॉफ्टवेअरची पात्रं. कायतो आणि मेइको मिकूपेक्षा जुने, मेइको तर २००४ ची.

घरच्यांना हे समजावणं वेगळीच परीक्षा असते. माझ्या आजीने विचारलं होतं, ‘म्हणजे ती बाई नाहीच, आणि तुम्ही पैसे भरून तिला बघायला जाता?’ मी पंधरा मिनिटं सॉफ्टवेअर समजावलं. काही उपयोग झाला नाही. मग म्हटलं, आजी, तू अर्धवटरावांना बघायला जायचीस ना? यशवंत पाध्यांनी घडवलेले, रामदास पाध्यांच्या हातात बोलणारे अर्धवटराव. तेव्हा तू पाध्यांच्या ओठांकडे बघत बसायचीस का? आजी म्हणाली, ‘छे, अर्धवटराव बोलत असताना पाध्यांकडे कोण बघतंय!’ विषय संपला. तुमच्याही घरी हा उपाय करून बघा.

होलोग्राम म्हणू नका

स्टेजवर हवेत उभी असलेली मिकू दिसते ती होलोग्राम नसते. स्टेजच्या मध्यावर पारदर्शक पडदा उभा असतो आणि त्यावर मागून प्रोजेक्टरने चित्र टाकलेलं असतं. नाचाच्या हालचाली बऱ्याचदा खऱ्या नर्तकांच्या अंगावरून टिपलेल्या असतात. गिटार, ड्रम, कीबोर्ड वाजवणारे वादक मात्र हाडामांसाचे. मिकूचा भाग आधीच ठरलेला असल्याने तिच्या तालाला धरून राहायची जबाबदारी त्यांची असते. पडद्याच्या बाजूला दिसणाऱ्या ड्रमरकडे एखादं गाणं तरी नीट बघा. एवढ्या गोंगाटात ठेका अर्धा इंचही न हलवणं सोपं नाही.

हे सगळं कळायला मला एक प्रयोग उपयोगी पडला. नवख्यांना मी तोच करायला सांगते. आपल्या प्रत्येक घरात खिडकीला डासांची जाळी असते. जपानी चाहत्यांनी अशाच जाळीवर घरच्या घरी मिकू उभी केली होती. मी डोंबिवलीच्या बाजारातून मच्छरदाणीचं पांढरं कापड आणलं, हॉल आणि बेडरूमच्या मधल्या दारात पडद्याच्या रॉडला कपड्यांच्या चिमट्यांनी लावलं आणि चांगलं ताणून खाली दोन पाटांखाली दाबलं. मित्राचा उसना प्रोजेक्टर बेडरूममध्ये जमिनीवर ठेवला, तोंड वर करून. दिवे घालवले. काळ्या पार्श्वभूमीवर नाचणाऱ्या मिकूचा व्हिडिओ लावला. असे व्हिडिओ चाहतेच बनवतात, मिकूमिकूडान्स नावाचा फुकट प्रोग्रॅम २००८ पासून आहे.

आणि दारात मिकू उभी राहिली. जाळी दिसेनाशी झाली. कारण साधं आहे: चित्रात जिथे काळं आहे तिथे प्रोजेक्टर उजेडच टाकत नाही, त्यामुळे तिथली जाळी अंधारात विरून जाते. फक्त मिकूच्या अंगावरचा उजेड धाग्यांवर अडकतो. उरलेला उजेड भोकांतून पुढे जातो. तो कुठे जातो हे मला वर बघितल्यावर कळलं. हॉलच्या छतावर दुसरी मिकू पडली होती, लांबलचक ताणलेली, आणि फिरत्या पंख्याच्या पात्यांवर तिचे तुकडे होत होते. पंख्याच्या वाऱ्याने जाळीही हलत होती, त्यामुळे दारातली मिकू पाण्यात उभी असल्यासारखी थरथरत होती. पंखा बंद केला. एप्रिल महिना होता. आम्ही चौघांनी घामाच्या धारांत सहा गाणी बघितली आणि चौघांनाही वाटलं की ती आहे.

प्रोजेक्टर तिरका ठेवला की चित्र वर रुंद, खाली अरुंद होतं. मेनूत कीस्टोन नावाची सोय असते, त्याने ते सरळ करून घ्या. प्रोजेक्टरची भिंगाकडची बाजू बघणाऱ्यांच्या डोळ्यांच्या रेषेत येऊ देऊ नका.

आता जाळीच्या समोरून हळूहळू बाजूला सरका. मिकू बारीक होत जाते, फिकी पडते आणि अगदी कडेला गेलात की उजेडाची उभी रेघ उरते. मोठ्या हॉलमध्येही असंच होतं. मलेशियात २०१७ च्या डिसेंबरात मी हौसेने पुढची पण अगदी डावीकडची जागा घेतली होती. पैसे जास्त गेले आणि मिकू दिसली निम्म्या रुंदीची.

एक इशारा. प्रत्येक ठिकाणी पारदर्शक पडदा असेलच असं नाही. २०२४ मध्ये उत्तर अमेरिकेच्या दौऱ्यात पडद्याऐवजी साधी एलईडी भिंत लावली होती आणि चाहते चांगलेच भडकले होते. माझं मत त्यांच्या बाजूने आहे, कारण भिंतीवर मिकू टीव्हीत असल्यासारखी दिसते. पण तिकीट काढल्यावर भडकून उपयोग नाही. आधीच्या शहरातले फोटो बघा, मग पैसे भरा.

तिकीट आणि जागा

कन्व्हेन्शनचं तिकीट म्हणजे कॉन्सर्टचं तिकीट नव्हे. नवखे इथेच फसतात. २ जुलै २०११ ला लॉस एंजेलिसमध्ये अ‍ॅनिमे एक्स्पो या कन्व्हेन्शनच्या निमित्ताने मिकूची अमेरिकेतली पहिली मोठी कॉन्सर्ट झाली, ती नोकिया थिएटरमध्ये होती. तेव्हापासून हा रिवाज ओळखीचा झाला: दिवसभर जत्रा, रात्री गाणं, आणि दोन्हीकडे जायचं तर दोन्हींची कागदपत्रं नीट वाचायची. कॉन्सर्टची जागा दिवसाच्या पासमध्ये येते की वेगळी काढावी लागते, हॉलमध्ये नंबर आहे की आधी येईल तो पुढे, उभं राहायचं की बसायचं, हे तीन प्रश्न पैसे भरण्याआधी सोडवा.

आपल्याकडे ‘कॉन्सर्ट’ हा शब्द जरा सैल वापरला जातो. चाहत्यांनी मिळून पडद्यावर केलेला कार्यक्रमही कॉन्सर्ट म्हणूनच जाहिरातीत येतो. त्यात वाईट काही नाही, मला तर तिथे जास्त मजा येते. पण तिथे वादक असतीलच असं नाही, आणि अधिकृत दौऱ्याच्या तिकिटाचे पैसे मागितले तर सरळ विचारा, कुणाच्या परवानगीने? बिगरधंदेवाईक वापराला क्रिप्टनचे नियम बऱ्यापैकी मोकळे आहेत. पैसे घेऊन करायचं असेल तर परवानगीचा प्रश्न येतो.

जागा निवडताना मधला पट्टा घ्या. पहिल्या चार-पाच रांगा सोडल्यात तरी चालेल. अगदी पुढे बसलं की मान वर करून पाय बघावे लागतात आणि मागे पसरलेला पेनलाइटचा, म्हणजे हातातल्या उजेडाच्या कांड्यांचा, समुद्र चुकतो. परदेशात जाणार असाल तर आधी व्हिसाचे नियम, मग विमान, मग कॉन्सर्ट. उत्साहात हा क्रम उलटा होतो.

तिकीट कुणा ओळखीच्या ओळखीकडून घेऊ नका. आमच्यातल्या एकाने ‘मला जमत नाहीये, माझं घे’ म्हणणाऱ्याकडून घेतलं. गेटवरच्या यंत्राने लाल दिवा दाखवला. त्याच कोडवर आधीच कुणीतरी आत गेलं होतं. तो पोरगा दोन तास बाहेर वडापाव खात बसला आणि आम्ही आत नाचलो. अजून आठवलं की वाईट वाटतं.

गाणी पाठ नकोत, ठेका हवा

जपानी येत नाही म्हणून घाबरू नका. हॉलमधल्या अर्ध्या लोकांना येत नाही. शब्दांपेक्षा एवढं माहीत हवं, की कुठे ओरडायचं, कुठे गप्प बसायचं.

‘गणपती बाप्पा’ म्हटलं की ‘मोरया’ म्हणायला कुणी शिकवतं का? कानावर पडून पडून येतं. इथेही तसंच. गायिकेच्या ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा असते, तिथे हॉल उत्तर देतो. वेगवान गाण्यात ‘हेय! हेय!’, कडव्याआधी टाळ्यांची एक लाट, ध्रुपदाला सगळे हात वर. आरतीत शेवटी टाळ्यांचा वेग आपोआप वाढतो आणि नवखा माणूसही दोन ओळींत जमवून घेतो. तुम्हीही जमवाल. फक्त एक आठवडा आधीपासून जुन्या कॉन्सर्टचे व्हिडिओ हेडफोन लावून ऐका आणि गाण्याऐवजी लोकांकडे कान द्या.

सुरुवात कुठून? मी दोनच सांगते. र्यो यांचं डिसेंबर २००७ चं ‘मेल्ट’, कारण मिकू ही यंत्राची गंमत न राहता एका मुलीच्या तोंडचं गाणं गाऊ शकते हे ज्या गाण्यांनी दाखवलं त्यात ते पुढे आहे. आणि कुरोउसा-पी यांचं २०११ चं ‘सेनबोनझाकुरा’, कारण ते लागलं की कुणी बसून राहत नाही. बाकी यादी तुमची तुम्ही करा. मागच्या शहरातली सेटलिस्ट, म्हणजे तिथे झालेल्या गाण्यांची यादी, बघायची की नाही यावर आमच्या गटात दोन तट आहेत. मी बघते. माझी मावसबहीण बघत नाही आणि बघणाऱ्यांशी आठवडाभर बोलतही नाही.

संथ गाण्यात ओरडू नका. पेनलाइट डावीकडून उजवीकडे, सावकाश. कुणी रडत असेल तर त्याच्याकडे बघू नका, एवढी सभ्यता पाळा.

‘एकोणचाळीस’ हा आकडाही लक्षात ठेवा. जपानीत ३ ला ‘मि’ आणि ९ ला ‘कु’ असं वाचता येतं, आणि तेच आकडे ‘सान-क्यू’ असे वाचले की थँक यू होतं. ९ मार्च २०१० ला टोकियोत तिची पहिली एकटीची कॉन्सर्ट ठेवली ती तारीख याच कारणाने. टीशर्टांवर, फलकांवर ३९ दिसलं की कुणाचा रोल नंबर आहे असं विचारू नका. मी विचारलं होतं.

पेनलाइट

पेनलाइट म्हणजे हातात धरायची उजेडाची कांडी. पात्र बदललं की हॉलचा रंग बदलतो: मिकूला हिरवट निळा, रिनला नारिंगी, लेनला पिवळा, लुकाला गुलाबी, कायतोला निळा, मेइकोला लाल. रंग बदलणारा एक पेनलाइट घेतलात की सगळ्यांचं भागतं. घेताना दोन गोष्टी बघा. मनगटाला अडकवायची दोरी हवीच, नाहीतर उत्साहात तो पुढच्याच्या डोक्यात जातो. आणि साधे बारीक पेन्सिल सेल लागणारा घ्या. बटण सेलवाले दिसायला नाजूक, पण ऐन रंगात मंद पडतात आणि बदली सेल रात्री कुठे मिळत नाही. सेल लॅमिंग्टन रोडला किंवा घराजवळच्या घड्याळवाल्याकडून आधीच घेऊन ठेवा, एक जोडी जास्तीची.

पैसे वाचवायचे असतील तर घरी करा. मी पहिला तसाच केला होता. पांढऱ्या उजेडाची छोटी विजेरी, तिच्या तोंडावर बसेल अशी पारदर्शक प्लास्टिकची नळी, नळीच्या आत ट्रेसिंग पेपरची गुंडाळी म्हणजे उजेड सगळीकडे सारखा पसरतो, आणि बाहेरून आकाशकंदिलाचा जिलेटिन कागद. रंगावर माझी एक पूर्ण संध्याकाळ गेली. गडद हिरव्यावर गडद निळा चढवला तर उजेडच बाहेर येईना. शेवटी फिक्या निळ्याचे दोन पदर आणि वर फिक्या हिरव्याचा एक, यावर जमलं. मिकूच्या रंगाचा संगणकी कोड ३९सी५बीबी असा सांगतात. फोनवर तो रंग लावायचा, शेजारी नळी धरायची आणि ताडून बघायचं. पहिले दोन आकडे कुठले ते दिसलं ना?

फार लांब किंवा फार झगझगीत कांड्यांना, विशेषतः मोडल्यावर भडक नारिंगी पेटणाऱ्या रासायनिक कांड्यांना, बऱ्याच ठिकाणी बंदी असते. नियमावलीत बघून घ्या. आणि हात कितीही वर जावासा वाटला तरी कोपर खांद्याच्या वर नेऊ नका. तुमच्या मागेही कुणीतरी पैसे भरून आलेलं असतं.

वेश करायचा का?

करायलाच हवा असं नाही. हिरवट टीशर्टही चालतो. पण करणार असाल तर मुंबईच्या हवेचा विचार आधी करा. मिकूचा विग म्हणजे गुडघ्यापर्यंत येणाऱ्या दोन शेंड्या, वजन डोक्यावर आणि आत घाम. आत घालायची जाळीची टोपी सुती घ्या, शेंड्या चिमट्याने वेगळ्या निघणाऱ्या असतील असाच विग बघा. राखाडी ब्लाउज, हिरवट टाय, काळा घागरा यांचं कापड मंगलदास मार्केटात किंवा हिंदमाताला मिळून जातं. टेलरला फोनवरचं चित्र दाखवताना पुढून, मागून, बाजूने अशी तीन दाखवा. मी एकच दाखवलं होतं, बाह्या ब्लाउजलाच शिवून आल्या. मिकूच्या बाह्या सुट्या असतात.

विग घालून लोकलने जाऊ नका. हे मी अनुभवाने सांगते. दादरला लेडीज डब्यात चढताना माझी डावी शेंडी एका मावशींच्या पर्सच्या चेनमध्ये अडकली. त्या माटुंगा रोडला उतरणाऱ्या, मी पुढे जाणारी. मावशींनी शांतपणे पदराची सेफ्टी पिन काढली, चेनचे दात एकेक करून सोडवले आणि म्हणाल्या, ‘पुढच्या वेळी वेणी घाल गं.’ विग पिशवीत न्या, हॉलच्या स्वच्छतागृहात घाला.

मिकूच्या हातातल्या हिरव्या कांद्याचं काय? २००७ मध्येच एका चाहत्याच्या छोट्याशा व्हिडिओत ती नेगी हा लांब जपानी पातीचा कांदा हलवताना दिसली आणि ती भाजी तिच्या हाताला कायमची चिकटली. नेगी आपल्या मंडईत सहसा दिसत नाही. आमच्यातल्या एकीने म्हणून पातीच्या कांद्याची जुडी आणली. गेटवरचे सिक्युरिटीवाले काका म्हणाले, ‘खायच्या वस्तू आत नाही.’ ती म्हणाली, खायला नाहीये. ‘मग कशाला?’ याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. जुडी बाहेर राहिली. फोम शीटची करा. पांढऱ्या भागाला गुंडाळी, वर हिरव्या पट्ट्या कापून चिकटवा, अर्ध्या तासाचं काम आहे.

त्या दिवशी

धरून चाला की कन्व्हेन्शन गोरेगावच्या नेस्कोसारख्या आवारात आहे आणि दिवस रविवार. मग शनिवारी रात्री पहिलं काम म्हणजे मेगाब्लॉक बघणं. आमच्यासारख्या मध्य रेल्वेवाल्यांनी दादरला बदलून पश्चिमेची स्लो पकडून राम मंदिरला उतरावं, फास्ट तिथे थांबत नाही. ब्लॉक असेल तर घाटकोपरला उतरून मेट्रो एकने पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानक, तिथून पुलावरून गुंदवली, आणि मेट्रो सातने तिसरं स्थानक गोरेगाव पूर्व. जिने जास्त, पण विग मोडत नाही.

भेटायची जागा ‘गेटवर’ अशी ठरवू नका. तिथे पाचशे लोक तेच म्हणत उभे असतात आणि आतल्या गर्दीत फोन लागत नाही. एखादा ठरावीक फलक, खांब, वेळ, आणि ‘पंधरा मिनिटं थांबून पुढे’ असा नियम. टीशर्ट, पेनलाइट अशा वस्तूंच्या स्टॉलची रांग सकाळीच लावा, हवा तो साइझ दुपारपर्यंत उरत नाही. जेवण कॉन्सर्टच्या दोन तास आधी उरका. केमिस्टकडून कानात घालायचे फोमचे बोळे घ्या, विशेषतः बरोबर लहान मूल किंवा आईबाबा येणार असतील तर. उजेडाच्या झगमगाटाने कुणाला त्रास होत असेल तर कडेची जागा आणि बाहेरचा दरवाजा आधी बघून ठेवा.

फोटोचा नियम सुरुवातीला सांगतात तो ऐका. जपानमधल्या कॉन्सर्टमध्ये बहुधा पूर्ण मनाई असते, इतरत्र काही वेळा फोनला चालतं. चालत असलं तरी एका गाण्यावर फोन खिशात टाका. फोन आणि पेनलाइट दोन्ही धरून टाळी वाजवता येत नाही.

दिवे गेल्यावर

पहिल्या गाण्याला लाज वाटेल. सगळ्यांना वाटते. शेजारचा जे करतो ते अर्ध्या ठोक्याने मागून करा, तिसऱ्या गाण्यापर्यंत तो तुमच्याकडे बघून करायला लागेल. मधेच मिकू दोन वाक्यं बोलते, थांबते, कान देते. ती थांबण्याची वेळही आधीच ठरलेली आहे, तुम्ही ओरडलात नाहीत तरी ती तितकीच थांबेल. म्हणूनच ओरडा. ती पोकळी रिकामी राहिली तर अख्ख्या हॉलला ओशाळं वाटतं. चाहत्यांच्या एका पडद्यावरच्या कार्यक्रमात तसं झालं होतं. मिकूने विचारलं, आणि कुणी काही बोलेना. मग मागून एका पोराने मराठीत ‘हो गं बाई, आहोत!’ असं ओरडून दिलं. पुढचा तास कुणीही गप्प बसलं नाही.

दीड-दोन तासांनी ती हात हलवून जाते, दिवे मंद होतात. उठू नका. संगीत नाटकांना ‘वन्स मोअर’चा पुकारा करणाऱ्या प्रेक्षकांचे आपण वारस, इथे हात आखडता घ्यायचं कारण नाही. टाळ्या एका लयीत आणा, ‘मि-कू! मि-कू!’ किंवा ‘अँकोर!’ असा घोष धरा आणि सोडू नका. पुढची गाणी संगणकात तयारच असतात हे सगळ्यांना माहीत असतं. तरी ओरडायचं. ती परत आली की शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारावीशी वाटते, विचारून मारा. शेवटी वादक पुढे येऊन वाकतात, तेव्हा सगळ्यात मोठी टाळी त्यांना द्या.

परतीची गाडी आधीच बघून ठेवलेली असू द्या, बाहेर पडायला अर्धा तास जातो आणि त्या वेळी रिक्षा मिळणं कठीण. विग पुन्हा पिशवीत. आणि पेनलाइट ठेवण्याआधी त्यातले सेल काढा. मागच्या वेळी मी विसरले. घाटकोपरला शेवटून दुसऱ्या लोकलची वाट बघत बसले होते, बाकावर शेजारी बसलेले काका बराच वेळ माझ्या पिशवीकडे बघत होते. शेवटी म्हणाले, ‘ताई, तुमच्या पिशवीत काहीतरी हिरवं पेटलंय.’